सव्वा मूठ गहू

धुळे,
दि. १९ जून १९८८

देवाभाऊ,

पत्र प्रेसच्या पत्त्यावर टाकलंस ते बरं केलंस. मालकांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "लोटन, तुला आता परदेशातून लग्नपत्रिकांच्या ऑर्डरी येऊ लागल्या काय?" मी हो म्हटलं. चुलतभावाचं आहे असं सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, की मग घरी का नाही पाठवलं.

उत्तराला उशीर झाला. कच्चं लिहून पाहिलं आणि फाडलं. 'साष्टांग नमस्कार' लिहिलं की न केलेला नमस्कार आठवायचा. धुळ्याच्या स्टँडवर तू साक्रीच्या गाडीसाठी उभा होतास आणि मी चार हातांवर वेळापत्रक वाचत होतो. ते मला पाठ होतं. तुलाही पाठ असणार, कारण तूही तेच वाचत होतास. तेव्हा मायना राहू दे.

तू लिहितोस, वर्गात नऊ देशांची मुलं आहेत आणि विषय आहे भांडणं. ती कशी लागतात, कशी वाढतात, मिटवायची कशी, याचं वर्षभर शिक्षण. शेवटी मालकांना हे सांगावंच लागलं. ते म्हणाले, "त्यासाठी नॉर्वेला कशाला जायला पाहिजे? आमच्या गल्लीत खोली घ्यायची." पण ती आयर्लंडची दोन मुलं, एकाच गावची, जेवताना एकमेकांना मीठ मागत नाहीत, तुला मागायला लावतात, हे वाचून मला काही हसू आलं नाही. आपल्या घरी हे काम तुझा धाकटा भाऊ आधार करतो. माझ्या आईला विहिरीवरची बादली हवी असेल तर आधारला सांगते, आधार काकूंना सांगतो, आणि काकू तिथेच दोन पावलांवर उभ्या असतात.

प्रत्येकाने आपल्या घरचं एक भांडण वर्गापुढे मांडायचं आहे आणि तू आपलं निवडलंस. बाकीच्यांनी लढाया आणल्या आहेत, बॉम्ब आणले आहेत. तू एक बैल घेऊन उभा राहणार. हसणार नाहीत ना? आणि खरी नावं घेऊ नकोस, आपल्या दोघांच्या वडलांची तर नकोच. नॉर्वेतून इथपर्यंत गोष्ट येणार नाही हे मला कळतं, तरी नको.

तू विचारलंस तसं सगळं पुढच्या पत्रात लिहितो. आज एअरोग्राम संपत आला. तुझ्या वसतिगृहामागे तळं आहे असं लिहिलंस. मला एकदम मेहरूणचा तलाव दिसला. मी दहावीत इंग्रजीत नापास झालो आणि तू जळगावला कॉलेजात गेलास, त्या हिवाळ्यात तुझ्याकडे आलो होतो. तलावाच्या काठी बसून आपण शर्टाच्या ओच्यातून बोरं खाल्ली आणि बिया पाण्यात टाकल्या. तू म्हणालास, पुढच्या वर्षी ऑक्टोबरला बस, मग आपण दोघं इथेच राहू. मी बसलो नाही. ते तुला कधी सांगितलं नव्हतं. परीक्षेची फी भरल्याचं सांगितलं होतं.

तुझा,
लोटन


धुळे,
दि. १७ जुलै १९८८

देवाभाऊ,

तुझ्या वर्गातला अभ्यास मला आवडला. ज्याच्याशी भांडण आहे त्याची बाजू आपण सांगायची, आणि तो 'हो, असंच' म्हणेपर्यंत सांगत राहायची. म्हणून आधी तुझ्या वडलांची बाजू लिहितो. चुकलं तर तू दुरुस्त कर.

आबांचं म्हणणं असं. चांद्या आणि हरण्या ही घरच्याच गायींची वासरं. एका दिवशी वेसण घातली, एका दिवशी जुवाखाली आली. चांद्या डाव्या अंगाचा, हरण्या उजव्या. वाटणी झाली तेव्हा चांद्या आबांकडे आणि हरण्या थोरल्या भावाकडे, म्हणजे माझ्या वडलांकडे, दादांकडे गेला, पण ठरलं होतं की नांगराला जोडी एकत्रच धरायची, एक दिवस यांच्या शेतात, एक दिवस त्यांच्या. आणि एका मंगळवारी दादा हरण्याला धुळ्याच्या बाजारात विकून रिकामं दावं खांद्यावर टाकून आले. विचारलं नाही, सांगितलं नाही. चांद्याने मग कुणालाच उजव्या अंगाला उभं राहू दिलं नाही. आबा अजून म्हणतात, "त्यानी एक बैल इका. मनी जोडी गयी."

आता दादांची बाजू. हरण्या मागच्या पायाने लंगडायला लागला होता. आणखी एक हंगाम ठेवला असता तर कसायाशिवाय कुणी घेतला नसता. धुळ्याला एका बागाइतदाराने पाहिला, हलक्या कामाला नेतो म्हणाला, दादांनी दिला. आबांना विचारलं असतं तर आबांनी विकू दिला नसता हे त्यांना माहीत होतं. हे मी त्यांच्या बोलण्यावरून जुळवलं आहे. ते स्वतः एवढंच म्हणतात, "बैल मना वाटाना व्हता. मी इका. त्यामा त्याले काय ईचारानं?"

'त्याले.' पाच वर्षांत दादांनी आबांचं नाव घेतलेलं मी ऐकलं नाही.

मागच्या रविवारी गावी गेलो तेव्हा तुझा अभ्यास दादांवर करून पाहिला. जेवण झालं होतं, पान लावत होते. मी म्हटलं, "दादा, घटकाभर असं समजा की तुम्हीच आबा आहात. आबांचं म्हणणं त्यांच्या तोंडून सांगा."

दादा म्हणाले, "मी तो व्हसू? मंग मना मोठा भाऊ कोन, तू? ये, मी तुना पाय पडस."

आणि खरंच वाकले. मी उडी मारून मागे झालो, पाण्याचा तांब्या लवंडला. आई चुलीपासून म्हणाली, "पडा ना एकदाव कोनातरी पाया." दादांचं हसू तिथेच थांबलं. अभ्यासही थांबला. तुझ्या सरांना विचार, असं झालं तर पुढे काय करायचं असतं.

आता खरी बातमी. आबा या श्रावणातल्या पौर्णिमेला देवीच्या गडावर जाऊन कानबाईचं नारळ आणणार आहेत.

तुला याचा अर्थ सांगायला नको, पण वर्गाला सांगावा लागेल म्हणून नीट लिहितो. आपल्या खानदानाची कानबाई म्हणजे ते पिढ्यान्‌पिढ्याचं नारळ. ते थोरल्याच्या घरी, म्हणजे आमच्या देवघरात आहे. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते, तिचे रोट होतात आणि भाऊबंदांनीच ते खायचे असतात. भांडण झाल्यापासून तुमच्या घरी श्रावणात रोट झालेला नाही, कारण कानबाई इकडे. पण दुसरं नारळही आणलं नव्हतं. अबोला होता, वेगळं कुळ नव्हतं. मी मनात म्हणायचो, जोवर आबा नारळ आणत नाहीत तोवर परत जुळायला जागा आहे. नारळ एकदा आलं की तुमची कानबाई वेगळी, आमची वेगळी, आणि मग आपली नातवंडं एकमेकांना गावकरी म्हणून ओळखतील.

तू आबांना पत्र लिही. तुझं ऐकतील. लवकर लिही, पोस्टाला दहा दिवस लागतात.

लोटन


धुळे,
दि. १० ऑगस्ट १९८८

देवाभाऊ,

तुझं उत्तर मिळालं. मधल्या माणसाने निकाल द्यायचा नसतो, दोन्ही बाजूंना स्वतःचा रस्ता सापडू द्यायचा असतो, हे तू फार चांगलं समजावलंस. पण तू मधला माणूस नाहीस. तू आबांचा मुलगा आहेस. तुझ्या वर्गातल्या लेबनॉनच्या मुलीला धीर देणारं पत्र तू रात्रभर जागून लिहिलंस, आणि स्वतःच्या बापाला चार ओळी लिहायच्या तर शास्त्र आडवं आलं.

हे वाक्य खोडणार होतो. राहू दे.

लोटन


धुळे,
दि. २३ ऑगस्ट १९८८

देवाभाऊ,

मागचं पत्र मिळालं असेल तर रागावू नकोस. मिळालं नसेल तर ते वाचण्याआधी हे वाच.

शुक्रवारीच गावी गेलो होतो. आईने विचारलं, देवाचं काय पत्र? आईला तुझी पत्रं येतात हे माहीत आहे, दादांना माहीत आहे की नाही ते मला माहीत नाही. मी वाचून दाखवलं. तिथे रात्री अकरालाही उजेड असतो आणि तुला झोप येत नाही, तो भाग तिने परत वाचायला लावला. मग म्हणाली, "त्याले खावाले काय देतस?" मी म्हटलं, उकडलेले बटाटे आणि मासे.

शनिवारी मुठी टाकायच्या होत्या. वर्गासाठी हेही लिहितो. रोटाचा गहू मापाने घेत नाहीत. कुळातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात टाकायचा, तो दळायचा, त्याच पिठाचे रोट. जो गावाला नाही, सुरतेला गिरणीत आहे, पलटणीत आहे, त्याचीही मूठ पडते. फक्त मेलेल्याची पडत नाही. आमच्याकडे मूठ दादा टाकतात. मोठ्यांची नावं दादाच घेतात, मुलांची आई घेते.

दादांनी स्वतःचं नाव घेतलं आणि सव्वा मूठ टाकली. आई म्हणाली, "लोटन." दादांनी टाकली. आमच्याकडे एवढंच असतं. पण दादांचा हात सवयीने परत पोत्यात गेला होता, आणि आई त्याच सुरात म्हणाली, "देवचंद."

गहू सुपात पडल्याचा आवाज झाला आणि मग दादांना कळलं.

"हाई काय कयं तू?"

"काय व्हयनं?"

"देवचंद आपला रोटमा शे का?"

आई सुपाकडे बघत म्हणाली, "चुकनू मी. काढी ल्या त्यानी मूठ."

दादांनी सुपात हात घातला. गहू मिसळलेला. पण तो नव्हे प्रश्न. जिवंत माणसाची पडलेली मूठ बाहेर काढायची म्हणजे काय, हे त्यांना आणि आईला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. आणि तू तर इतका लांब. दादांनी हात हळूच बाहेर काढला आणि धोतराला पुसला.

आई म्हणाली, "मंग पोऱ्यानी पडनी नि बापनी नही, असं ठेवतस का?"

मुलाची मूठ आहे आणि बापाची नाही, म्हणजे बाप नाही. दादांनी पोत्यात हात घातला. बराच वेळ हात आतच होता.

"पुना," दादा म्हणाले.

देवाभाऊ, आबांचं नुसतं नाव. मला वाटलं कुणीतरी दाराशी आलं आहे. मी वळून पाहिलंसुद्धा.

मग आई म्हणाली, "आधार," आणि दादा म्हणाले, "टाकस ना, आते काय ऱ्हायनं," आणि ती टाकली. आई म्हणते ती चुकली. चार माणसांचा स्वयंपाक असो की चाळिसांचा, मी तिला मीठ चुकताना पाहिलेलं नाही. पण ती म्हणते आहे तर चुकली असेल.

रविवारी सकाळी ती म्हणाली, जा, आबाकडे सांगून ये. आता मला सांग, काय सांगू? रोटाला आवतण नसतं. भाऊबंद आपण होऊन येतात. आवतण दिलं म्हणजे त्यांना परकं केलं, न द्यावं तर ते येणार नाहीत. दिवसभर निमंत्रणं जुळवणारा माणूस मी, 'आपले आगमन प्रार्थनीय आहे' माझ्या बोटांना पाठ आहे, आणि चावडीपासून तुमच्या दारापर्यंत एक शब्द सुचला नाही.

आबा ओट्यावर चांद्यासाठी सुताची म्होरकी विणत होते. पोळा जवळ आला ना. मला पाहून बस म्हणाले नाहीत, जा पण म्हणाले नाहीत.

मी म्हटलं, "आबा, तुमची मूठ पडली."

हात थांबले नाहीत. "कोनी टाकी?"

"दादांनी."

"नाव कोनी लिधं?"

"त्यांनीच."

"काय म्हने?"

"पुना."

"नुसतं पुना?"

"नुसतं."

आबांनी गाठ मारली, दाताने सूत तोडलं. "न्हानपने तो माले पुन्या म्हने," म्हणाले. मग थोड्या वेळाने, "पुनवले मी गडवर जाई ऱ्हायनू. सांगी दे तुना बापले."

काकू आतून दाराच्या चौकटीपर्यंत आल्या होत्या. मी निघालो तर हळूच म्हणाल्या, "गंगाफळ कितलं चिरं रे?" रोटांबरोबर लाल भोपळ्याचीच भाजी ना! मी हाताने दाखवलं, एवढं. त्यांनी मान हलवली, कमी आहे अशी.

ते आले नाहीत. कानबाई बसली, रात्र जागवली, सोमवारी नदीवर नेली. रोट आम्ही तिघांनी खाल्ले तरी संपले नाहीत. दुपटीहून जास्त पीठ झालं ना. पौर्णिमेच्या आत संपायला हवेत, परक्याला देता येत नाहीत, गुराढोरांना घालायचे नाहीत, टाकायचे तर मुळीच नाहीत. आईने पीठ झाकून ठेवलं आहे आणि रोज थोडं काढते. दादा एकेक घास असा खातात जसा दवाखान्याचा काढा. शुक्रवारी संध्याकाळी मी परत जाणार आहे. शनिवारी पौर्णिमा, आबांची गडाची पिशवी भरून तयार आहे असं आधार सांगतो.

लोटन


धुळे,
दि. २९ ऑगस्ट १९८८

देवाभाऊ,

हे मी कच्चं न लिहिता थेट लिहितो आहे, तेव्हा शुद्धलेखनाकडे पाहू नकोस.

शुक्रवारी दिवस मावळताना घरी पोचलो. आईने उरलेल्या सगळ्या पिठाचे रोट केले होते आणि फडक्यात बांधून मधोमध ठेवले होते. ती आणि दादा गाठोड्याच्या दोन बाजूंना बसले होते, पाहुण्याला घेऊन बसावं तसे. मी पाय धुतले. दादा उठले, टोपी घातली आणि मला म्हणाले, "ते उचल. चाल."

मला वाटलं नदीत सोडायला निघाले. ते तुमच्या गोठ्याकडे वळले. ओट्यावर आबा होते, बाजूला पिशवी होती. दादांनी तिकडे पाहिलं नाही. सरळ चांद्यापाशी गेले. चांद्या म्हातारा झाला आहे रे, डोळ्यांखाली पांढरं आलं आहे. तो अजून दावणीच्या डाव्या अंगाला उभा राहतो, उजवी जागा सोडून. दादा त्या रिकाम्या जागेत उभे राहिले. माझ्याकडून गाठोडं घेतलं, सोडलं, एक रोट मोडला आणि चांद्याच्या तोंडाशी धरला.

आबा ओट्यावरून ओरडले, "ए! रोट शे तो! ढोरले नही चालस!"

दादा म्हणाले, "मालूम शे."

"मंग?"

"भाऊबंदले चालस ना?"

आबा खाली उतरले. "बैल भाऊबंद कधय पासून व्हयना?"

"हाऊ काय परका शे का?" दादा म्हणाले. चांद्याच्या मानेवर त्यांचा हात होता. "दोन्ही बी नही व्हतात परका. माले तवय समजनं नही. त्यानं लंगडं पाय दखी मी भ्याइ गवू. तुले सांगानी हिंमत व्हयनी नही."

पाच वर्षं मी जे त्यांच्या बोलण्यावरून जुळवत बसलो होतो, ते त्यांनी एका दमात सांगितलं, तेही बैलाकडे बघत. चांद्या रोट चघळत होता. तेवढाच आवाज होता.

आबांनी पुढे येऊन दादांच्या हातातला उरलेला अर्धा रोट ओढून घेतला. मला वाटलं फेकतात.

"बठ्ठा त्यालेच घालशी का?" आबा म्हणाले. "त्यामा मनी बी मूठ शे."

आणि तिथेच, शेणात उभ्या उभ्या, खाल्ला.

काकूंना मी बोलवायला गेलो तर त्या आधीच भाजी घेऊन निघाल्या होत्या. गंगाफळाची. विचार कर, त्यांनी रविवारीच फळ आणून ठेवलं होतं, चिरलं नव्हतं इतकंच. ओट्यावर सगळे बसलो. दादा आणि आबा फार बोलले नाहीत. एकदा आबा म्हणाले, धुळ्याचा तो बागाइतदार कोणत्या गावचा, हरण्या असेल का अजून. दादा म्हणाले, तीन वर्षं दर उन्हाळ्यात जाऊन पाहून येत होतो, मग गेला. आम्हाला दादा नेरला लग्नाला जातात एवढंच माहीत होतं. आबा म्हणाले, "माले एकदाव तरी लई जाता ना." दादा म्हणाले, "लई जाता व्हतु, पन तू येता का?" आणि मग दोघंही भाजी खाऊ लागले.

शनिवारी सकाळची गाडी आली. चावडीपाशी थांबली, हॉर्न दिला आणि गेली. आबांची पिशवी खुंटीला होती. नारळाचा विषय कुणी काढला नाही. मीही नाही.

तू वर्गात हे सांगणार असशील तर सांग. नावंही घे, आता चालतील. पण हे मिटलं असं सांगू नकोस. रविवारी सकाळी विहिरीच्या पाळीवरून दोघांचा चांगला आवाज चढला होता. आई म्हणाली, ऐक, बोलत आहेत. आणि त्या आयर्लंडच्या मुलांचं कळव. मीठ मागतात का?

तुझ्या नावाची मूठ कुणी खाल्ली ते तू विचारशीलच. शेवटचा रोट उरला होता. आबांनी त्याचे दोन भाग केले, एक काकूंना दिला आणि एक माझ्या ताटात टाकला. म्हणाले, देवा नही तं तू खाय. मी खाल्ला. मेहरूणला ओच्यातून बोरं देताना तू मोठी मोठी माझ्याकडे सरकवायचास आणि तुला वाटायचं मला दिसत नाही, ते तेव्हा आठवलं.

आबांच्या मनात तुला पत्र लिहायचं आहे. आधारला दोनदा कागद आणायला सांगितला आणि दोनदा परत ठेवायला लावला. तूच आधी लिही. यात तुझं शास्त्र मोडत नसेल तर.

आईचा निरोप आहे. पुढच्या श्रावणात तू कुठे असशील? असशील तिथे अस, मूठ पडेलच. पण येणार असलास तर आधी कळव, म्हणते, गंगाफळ त्या मानाने मोठं घ्यावं लागेल.

तुझा,
लोटन